ग्वाल्हेर ते लंडन : किती मजला?

अमुक गाव किती दूर, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी मजलांत देत असत. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल व तिच्या शेवटी पडणारा मुक्काम. शिंद्यांच्या फौजा दक्षिणेतून उत्तरेत आल्या, त्या मजल दरमजल करीतच. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे नगर झाले. मजलेच्या हिशेबात वाटेबरोबर विसावाही धरला जाई. विमानाच्या युगात नेमका हा विसावाच हिशेबातून गळाला आहे.

ग्वाल्हेर ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,००० किलोमीटर आहे. ताशी नऊशे किलोमीटर वेगाच्या विमानाने ते आठ तासांत संपावे, असे भागाकार सांगतो. परंतु भागाकाराने प्रवास होत नाही.

श्रोत्यांना नवल वाटेल, परंतु एके काळी लंडनच्या विमानमार्गावर ग्वाल्हेर हे प्रत्यक्ष एक ठाणे होते. १९३८ साली इंपीरियल एअरवेज कंपनीची पाण्यावर उतरणारी विमाने इंग्लंडमधील साउदम्टन बंदरातून ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत जाऊ लागली. कराचीहून निघालेले विमान राजसमंद सरोवरावर उतरे, तेथून ग्वाल्हेर, पुढे अलाहाबाद व कलकत्ता. ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर हा त्याचा वेग. ग्वाल्हेर ते लंडन हे सरळ अंतर त्या वेगाने सव्वीस-सत्तावीस तासांचे. प्रवासाला मात्र कित्येक दिवस लागत. ठिकठिकाणी पेट्रोल घ्यावयाचे आणि रात्री उतारूंनी जमिनीवर निजावयाचे. तीही मजल दरमजलच होती!

आज ग्वाल्हेरला नवा विमानतळ झाला आहे, तरी लंडनला जाणाऱ्यास बहुधा दिल्ली गाठावी लागते. दिल्ली ते लंडन हे अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. जाताना समोरून वारा असतो, म्हणून वेळ अधिक लागतो. येताना तोच वारा पाठीशी असतो. शिवाय आकाशातील वाटही कायमची नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्यांना लांबचा वळसा घ्यावा लागला. शहरे जागच्या जागी राहिली. प्रवास मात्र लांबला.

हा केवळ भूगोलाचा प्रश्न नाही. समजा, लष्करातील एखाद्या मराठी घरी वडील अत्यवस्थ आहेत आणि मुलगा लंडनला आहे. तो दूरध्वनीवर म्हणतो, "आई, साडेआठ तासांचे तर विमान आहे." आई बोटांवर तास मोजू लागते. पण हिवाळ्यात रात्री आठला लंडनहून निघालेले विमान दिल्लीस पोहोचते, तेव्हा येथे सकाळचे दहा वाजलेले असतात. कारण दोन्ही घड्याळांत साडेपाच तासांचे अंतर आहे. पुढे पारपत्राची तपासणी, सामान, दिल्लीचे रेल्वे स्थानक आणि ग्वाल्हेरपर्यंतचा तीन-चार तासांचा आगगाडीचा प्रवास. उंबरठ्यावर पाऊल पडेपर्यंत दिवेलागण होते. तोवर आईने आशा धरावी, की शेजाऱ्यांनी पुढची तयारी करावी? खोट्या हिशेबाने तिची प्रतीक्षा अधिकच जीवघेणी होते.

म्हणून परदेशी असलेल्याने विमानाचे तास सांगू नयेत. घरी पोहोचण्याची वेळ सांगावी, आणि तीही येथल्या घड्याळाची. वाट पाहणाऱ्या माणसाला तेवढाच हिशेब उपयोगी पडतो.