नरक: ख्रिस्ती पंथांची वेगवेगळी मते

नरकाबद्दल ख्रिस्ती पंथांचे एकमत नाही. एकट्या पुण्यातही हे दिसते. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी कॅथलिक पंथाची. या पंथाची शिकवण नरक चिरंतन मानते, पण तिथली मुख्य शिक्षा म्हणजे देवापासून कायमची ताटातूट. नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ मध्ये सांगितले. औंधजवळची स्पायसर संस्था ॲडव्हेंटिस्ट पंथाची. या पंथाच्या मते मृत माणसे पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतात. अंतिम न्यायानंतर दुष्टांचा समूळ नाश होतो, अखंड छळ होत नाही. दयाळू देव आणि अनंत यातना यांचा मेळ घालण्याची ही वाट तर्काला अधिक पटणारी. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताला तर अखेरीस सर्वांच्याच तारणाची आशा होती. सहाव्या शतकात चर्चने ते मत नाकारले.