गल्ला आणि घरखर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या राधानगरीत बारावी झालेली, आयटीआय केलेली पोरं संध्याकाळी स्टँडवर भेटतात आणि विचारतात, ‘काका, काय धंदा काढू?’ मी उलट विचारतो, ‘तुझं पहिलं गिऱ्हाईक कोण, ते सांग.’ त्यावर पोरगं गप्प होतं. भांडवल कुठून आणायचं याचा विचार त्यानं केलेला असतो, दुकानाचं नावसुद्धा ठरलेलं असतं. पण दारात पहिला कोण येणार हे माहीत नसतं.

हे गाव ज्यांनी वसवलं आणि इथल्या धरणाचं काम ज्यांनी सुरू केलं, त्या राजर्षी शाहू महाराजांना हा प्रश्न चांगला कळला होता. गंगाराम कांबळे हे त्यांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा करायला सांगितलं, पैसे दिले, आणि कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचं चहाचं हॉटेल सुरू झालं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? भांडवल होतं, माल होता, गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. समतेचा धडा म्हणून ही गोष्ट आपण सांगतो, ते बरोबरच आहे. मी दुकानदार माणूस, मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मदत नुसती पैशानं पुरी होत नाही हे महाराजांनी ओळखलं होतं. तुमच्या गल्लीतलं पोरगं धंदा काढत असेल, तर उद्घाटनाला नारळ घेऊन जाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी रोख पैसे देऊन काहीतरी विकत घ्या.

आता हिशेबाकडे येतो. फोंडा घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर चहाचं टपरीवजा दुकान काढायचं आहे, असं धरू. आकडे समजायला सोपे घेतो. चहा दहा रुपयांना. दूध, साखर, पावडर, गॅस मिळून सहा रुपये. हातात चार राहिले. जागेचं भाडं महिन्याला तीन हजार, हाताखालच्या पोराचा पगार नऊ हजार, आणि तुमची स्वतःची मजुरी बारा हजार. ही शेवटची रक्कम लोक धरतच नाहीत आणि ‘फायदा झाला’ म्हणतात! एकूण चोवीस हजार. भागिले चार, म्हणजे महिन्याला सहा हजार कप, रोजचे दोनशे. आता वही-पेन्सिल घेऊन त्या रस्त्यावर तीन दिवस उभे राहा. त्यातला एक दिवस रविवार असू दे, एक पावसाचा. किती गाड्या थांबतात ते मोजा. दोनशे कप जातील असं वाटलं तर पुढं जा. नाही वाटलं तर तीन दिवसच गेले, फार काही बिघडलं नाही.

उधारीचं तर विचारू नका. शंभर रुपयांची उधारी बुडाली म्हणजे साठ रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला पंधरा कप फुकट विकावे लागतात. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, हे मलाही कळतं. मग त्याला चहा तुमच्या घरी पाजा, दुकानात नको.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या दोन वर्षांत मी गल्ला आणि घर एकच ठेवलं. मुलाची फी गल्ल्यातून, लग्नातला आहेर गल्ल्यातून. त्यात एका मे महिन्यात पर्यटक येणार म्हणून भरपूर माल उधारीवर उचलला. दाजीपूरचे गवे बघायला, काजवे बघायला माणसं येतात, हे खरं. पण पाऊस लवकर लागला आणि माल पडून राहिला. बिस्किटं मऊ पडली, कुरकुरीत पदार्थांना वास आला. व्यापाऱ्याचा माणूस दारात येऊन बसायचा. शेवटी बायकोच्या पाटल्या गेल्या. तिनं एकच अट घातली: गल्ल्याची किल्ली तिच्याकडं राहील आणि मला महिन्याला पगार मिळेल. त्या दिवसापासून दुकान दुकानासारखं चालायला लागलं. वहीसुद्धा तिनंच लिहिली; रोज रात्री, लाईट गेली तर कंदिलावर.

कर्जाबद्दल थोडक्यात. ‘वर्षाला बारा टक्के’ एवढंच ऐकून सही करू नका. साठ हजार बारा महिन्यांसाठी घेतले आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवरच लावलं, तर सात हजार दोनशे रुपये जातात. शिल्लक मुद्दलावर लावलं, तर चार हजारांच्या आत. म्हणून ‘व्याज कशावर?’ हे तोंड उघडून विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

कागदपत्रांना घाबरायचं कारण नाही. खाण्यापिण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी टपरीलाही लागते. कामगार थोडेच असतील तर दुकाने कायद्याखाली, 2017 च्या कायद्यानुसार, नुसती सूचना द्यायची असते. 2020 पासूनची उद्यम नोंदणी सरकार फुकट करून देतं. त्यासाठी कुणी सरकारी फी म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

राहिला पाऊस. आमच्याकडं तो खरा मालक. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बघायला दोन दिवस गर्दी होते, मग परत सामसूम. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं भाडं आणि पोराचा पगार, म्हणजे आपल्या उदाहरणात अठ्ठेचाळीस हजार, मे संपायच्या आत बाजूला पडले पाहिजेत. ते पैसे गल्ल्यात ठेवू नका. बँकेत वेगळं खातं काढा. आमच्याकडं त्या खात्याचं पासबुक कुठं असतं, ते मला अजून माहीत नाही.