दिवाणखान्यातला समुद्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपलं राणीसावरगाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरहून लांब आहे. तरी माझ्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि ती बघायला मुलं येतात. आता दोन-तीन घरांतून मला विचारणा झाली, "काका, आम्हालाही लावायची आहे, आणि आम्हाला त्यात जिवंत प्रवाळ पाहिजे. शहरातला एक जण आणून देतो म्हणतोय." समितीने मला आज बोलायला सांगितलं ते यासाठीच.

प्रवाळ आपल्याला नवीन नाही. मराठवाड्यात कितीतरी बायकांच्या मंगळसूत्रात पोवळं असतं. वैद्यांकडे प्रवाळ भस्म असतं. पण ते दगड नाही, झाड नाही, तो प्राणी आहे. बोटाच्या पेरापेक्षा लहान असे हजारो जीव एकत्र राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःचं घर बांधतात. एका परीनं तीही एक सहकारी गृहनिर्माण संस्थाच म्हणा! फरक इतकाच, की गोलसर वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतं. आपली सोसायटी उभी राहून पंचवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात त्याची वाढ वीतभर.

बांधणाऱ्या या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि बहुतेक अन्न घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांना याचा मोठा तडाखा बसला. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा मोठा पट्टा आहे.

आता टाकीकडे येऊ. माझी टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. दगड वगैरे धरून पाणी साधारण १०० लिटर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एकदा टाकी भरायला साडेतीन किलो मीठ. पण स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम नसतं. तयार समुद्री मीठ मिळतं तेच घ्यावं लागतं. आपलं बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं पाणी लागतं.

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. शेतात युरिया टाकल्यावर मातीत जे होतं, तेच इथे होतं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विष. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल त्याने या नादाला लागू नये.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. टाकीला २५-२६ अंश हवेत आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. म्हणून पाण्यावर पंखा लावतो. मग रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. लाईट गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावावा लागतो, रात्री दोन वाजतासुद्धा. मासे माणसांवर सोपवलेले असतात, महावितरणवर नाही!

आता मुख्य मुद्दा. प्रवाळ आणायचं का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. पहिलं कारण कायद्याचं. २००१ साली बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. त्या अनुसूचीत वाघ आहे. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद. मेलेला, वाळलेला तुकडा विकणंही गुन्हाच. "परदेशातून आणलंय" असं कुणी म्हणालं तर त्यालाही कागदपत्रं आणि नोंदणी लागते. पिशवीत घालून गुपचूप देणाऱ्याकडे ती नसतात.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. समुद्रात जे वाढायला वीस वर्षं लागली, ते आपल्या एका उन्हाळ्यात, एका लांबलेल्या भारनियमनात संपू शकतं. शोभेसाठी एवढी किंमत आपण का लावायची?

मग माझ्या टाकीत काय आहे? मातीसारखे भाजून केलेले कृत्रिम दगड आणि क्लाऊनफिशची एक जोडी. मुलं त्यांना 'निमो' म्हणतात. हे मासे आता आपल्या देशात हॅचरीत तयार होतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरजच नाही. बालमित्रांनो, एक गंमत सांगतो. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती गेली की तिच्या खालोखालचा नर मादी होतो. सिनेमात हे दाखवलेलं नाही!

ज्यांना टाकी लावायचीच आहे, त्यांना सोसायटीचा सभासद म्हणून चार विनंत्या.

एक, वजन. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून दोनशे किलो सहज होतं. टाकी खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीत नको, बीमजवळच्या भिंतीलगत ठेवा.

दोन, वीज. वायर प्लगपेक्षा खाली लोंबती सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. खारं पाणी विजेचा उत्तम वाहक आहे.

तीन, काढलेलं पाणी. आठवड्याला दहा लिटर बदललं तर त्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ जातं. ते बागेत किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात ओतू नका. झाडंही मरतील आणि बोअरही खारं होईल.

चार, आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशीला वापरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. तसं वर्ष पुन्हा आलं, तर नवीन टाकी भरायची नाही, एवढं आपण आपसांत ठरवू या.

समुद्र घरात आणण्यापेक्षा एकदा सगळ्यांनी मिळून मालवणला जाऊ या, असंही मी समितीला सुचवतो. तोवर टाकी बघायला माझं दार उघडं आहे. फक्त काचेवर टकटक करू नका.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!