रेड हुकचे भय
(व्याख्यानाचा मजकूर)

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन भयकथाकाराचा वंशद्वेष निघाला की त्याचे चाहते म्हणतात, तो त्याच्या काळाचा माणूस होता. द्वेष बाजूला ठेवावा नि कथा वाचावी. ही वजाबाकी जमत नाही. ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ ही १९२५ साली लिहिलेली कथा पाहावी. ब्रुकलिनच्या गोदीलगत राहणारे सीरियन, इटालियन, कृष्णवर्णीय लोक, त्यांचे चेहरे, त्यांची बोली, त्यांची दाटी हेच तिच्यातील भुताटकीचे भांडवल आहे. ते काढून घेतले तर भीती वाटावी असे फारसे काही उरत नाही. या माणसांना रोजी किती पडते, खोलीचे भाडे किती, हे कथा विचारीत नाही.

लेखक त्या वेळी स्वतः बेकार होता. १९२४ मध्ये लग्न करून तो न्यूयॉर्कला आला. त्याची पत्नी सोनिया ग्रीन ही युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू. नोकरीसाठी तिला दुसऱ्या शहरी जावे लागले आणि ब्रुकलिनमधील भाड्याच्या खोलीत तो बऱ्याच अंशी तिच्या कमाईवर जगला. स्थलांतरित स्त्रीच्या कमाईवर जगून स्थलांतरितांविरुद्ध लिहिलेली ही कथा! अमेरिकेने १९२४ मध्येच कायदा करून दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या छाटली, आशियाईंना तर दार जवळपास बंदच केले. म्हणजे कथेतील भीती कायद्यातही होती.

पण ‘काळ’ एकट्या लव्हक्राफ्टचा नव्हता. १९२५ सालीच न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलन लॉक यांनी संपादित केलेला ‘द न्यू निग्रो’ हा कृष्णवर्णीय लेखकांचा संग्रह निघाला. तोही त्याच काळाचा, त्याच शहरातला.

समाजवाद्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. महामंदीनंतर लव्हक्राफ्ट रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चा समर्थक झाला, समाजवादाकडे झुकला. कृष्णवर्णीयांविषयीची त्याची मते मात्र अखेरपर्यंत तशीच राहिली. अर्थविचार सुधारला की बाकीचे आपोआप सुधारते, असे मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे.

व्हिक्टर लाव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने हे पुस्तक फेकून दिले नाही. २०१६ च्या ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’मध्ये त्याने रेड हुकची कथा हार्लेममधील एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने पुन्हा सांगितली. तीत एक गोरा खासगी गुप्तहेर त्या तरुणाच्या बापाला घरातच गोळ्या घालतो. बापाजवळची गिटार त्याला बंदूक वाटलेली असते.