पक्षाघात : पहिले साडेचार तास

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, की पुढच्या भागातल्या पेशी मिनिटागणिक मरू लागतात. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही या पक्षाघाताची ठळक लक्षणे. रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला ती वेळ लक्षात ठेवावी; उपचार बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतात.

रुग्णालयात रक्तातील साखर लगेच तपासतात, कारण साखर उतरल्यावरही अशीच लक्षणे दिसू शकतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री पटली, की योग्य रुग्णाला ४.५ तासांच्या आत अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देतात. त्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. मोठी धमनी बंद असल्यास जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. हे साधारणपणे ६ तासांत, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते.

घरी रुग्णाला अन्न, पाणी वा अ‍ॅस्पिरिन देऊ नये. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि रक्तस्राव असल्यास अ‍ॅस्पिरिनने तो वाढू शकतो. तेल चोळण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.