वस्त्र आणि ते घडविणारे हात



ज्या नुंगंबाक्कममध्ये आपण आज एकत्र आलो आहोत, तेथे आता कचेऱ्यांची आणि दुकानांची दाटी आहे. परंतु या महानगराचा जन्म कापडाच्या व्यापारातून झाला, हे विसरून चालणार नाही. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने या किनाऱ्यावर जागा मिळविली, ती मुख्यतः येथील कापडासाठी. १७०८ मध्ये कंपनीकडे जी पाच गावे आली, त्यांत नुंगंबाक्कम हे एक होते. १७३४ मध्ये येथून जवळच, कूवम नदीच्या वळणावर, चिंताद्रिपेट ही विणकरांची वस्ती वसविण्यात आली. कापड हवे होते, म्हणून विणकर बोलावले गेले. गिऱ्हाईक असेल तोवरच माग चालतो, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरे उदाहरण तंजावरच्या मराठा राजघराण्याचे. या घराण्यासाठी कोडाली करुप्पूर या गावी एक विलक्षण वस्त्र तयार होत असे. सुती कापडात जरीची नक्षी विणीत, मग मेणाच्या साहाय्याने त्यावर चित्रण करून ते रंगवीत. गडद रंगातून जर मंदपणे चमके. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले, आश्रय सरला आणि काही दशकांतच ही कला लोपली. तिचे नमुने आज संग्रहालयांत पाहावयास मिळतात. वस्त्र उरले, ते करणारे हात उरले नाहीत.

राजे गेले, आता आश्रयदाते आपणच आहोत. तथापि, आपण कोणाला आश्रय देतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. मदुराईची सुंगुडी घ्या. तेथील सौराष्ट्र समाजाच्या स्त्रिया घरकाम सांभाळून कापडाला हजारो बारीक गाठी मारतात. रंगविल्यानंतर त्या सोडल्या, की कापडावर ठिपके उमटतात. २००५ मध्ये सुंगुडीला भौगोलिक मानांकन लाभले. परंतु नुसत्या छपाईने उठविलेले ठिपकेही बाजारात त्याच नावाने खपतात. गाठ बांधणारीची मजुरी छपाईच्या किमतीशी झुंजू शकत नाही. नावाला संरक्षण मिळाले, पण म्हणून हाताला काम मिळतेच असे नाही.

हातमागाच्या बाबतीतही हेच दिसून येते. २०१९–२० च्या चौथ्या अखिल भारतीय गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार असून त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. कांड्या भरणे, ताणा तयार करणे, खळ देणे ही कामे बहुधा त्याच करतात. पण साडीचे मोल ठरते ते मागावर बसणाऱ्याच्या नावे. घरातील स्त्रीचे श्रम त्यात मुकाट्याने मिसळून जातात.

मग उपाय कोणता? धर्मपुरी जिल्ह्यातील सित्तिलिंगीच्या खोऱ्यात लंबाडी स्त्रियांचे भरतकाम जवळजवळ विस्मरणात गेले होते. तेथे आरोग्यकार्य करणाऱ्या डॉ. ललिता रेगी यांच्या प्रोत्साहनाने ते पुन्हा सुरू झाले. जाणत्या वृद्ध स्त्रियांकडून तरुणी टाके शिकल्या आणि त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. तिचे नाव 'पोरगै'. लंबाडी बोलीत त्याचा अर्थ अभिमान. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की येथे आधी त्या स्त्रियांच्या आरोग्याचा आणि उपजीविकेचा विचार झाला. कला त्यामागून आली.

कारागिराची मुलगी माग सोडून कचेरीत नोकरी धरते, तेव्हा परंपरा बुडाली म्हणून आपण हळहळतो. माझ्या मते हा दोष तिचा नव्हे. ज्या कामात आईचे डोळे आणि पाठ झिजली आणि हाती पुरेसे काही उरले नाही, ते काम तिने का पत्करावे? तिने ते आपखुशीने पत्करावे इतका मोबदला त्यात असणे, हीच जतनाची खरी कसोटी. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या कामाची मजुरी वेगळी मोजली जावी आणि ती त्या स्त्रीच्याच हाती पडावी. सणासुदीपुरती नव्हे, तर वर्षभर मागणी राहावी. आणि हातचे कोणते व यंत्राचे कोणते, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे.

आपणही साडी घेताना रंग आणि पोत पाहतो, तसाच आणखी एक प्रश्न विचारावा: हिच्या किमतीतले किती, ती करणारीपर्यंत पोहोचले? दुकानदाराला उत्तर देता येणार नाही कदाचित. पण पुष्कळांनी विचारले, तर त्याला ते शोधावे लागेल.