संध्याकाळचा कट्टा

(कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात भरलेल्या सभेत, गावचे रहिवासी व निवृत्त वैद्यकीय अधिकारी यांनी केलेले भाषण. समितीच्या विनंतीवरून येथे छापीत आहोत.)



काल कळस चढला तेव्हा खाली उभ्या असलेल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते, माझ्याही होते. ज्यांनी मुंबईत दोन खोल्यांत राहून, पगारातून बाजूला काढून या कामाला पैसे दिले त्यांचे आभार मानण्याचे काम अध्यक्षांनी केलेच आहे. समितीने मला 'आरोग्य' या विषयावर दहा मिनिटे दिली आहेत. साखर आणि रक्तदाब यांवर मी दवाखान्यात एकतीस वर्षे बोललो, आणि आपण एकतीस वर्षे ऐकले नाहीत. म्हणून आज मी पायऱ्यांविषयी बोलणार आहे.

आपले जुने देऊळ आठवा. जांभ्याचे जोते, तीन बुटक्या पायऱ्या, कौलांचा मंडप, आणि दक्षिणेच्या अंगाला तो लांब कट्टा. उन्हे कलली की गावातली आठ-दहा म्हातारी माणसे तेथे येऊन बसत ती आरती होईपर्यंत. त्यांच्या गप्पांत फारसा परमार्थ नसे हे मी जवळून ऐकलेले आहे. कोणाचा फणस पिकला, कोणाच्या सुनेने काय म्हटले, एस.टी. आज किती उशिरा आली. तरी त्या कट्ट्यावर एक काम रोज होत होते आणि ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते. तेथे हजेरी लागत असे. एखादी आजी दोन दिवस दिसली नाही की गुरव मुलाला सांगे, जा रे, जरा डोकावून ये.

२०२२ साली याच कट्ट्यावर एका आजोबांच्या तोंडातून विड्याचा रस एका बाजूने गळू लागला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने ते पाहिले आणि आरडाओरड केली. मी घरी होतो, धावत आलो, तोंड वाकडे झाले होते, हात उचलवत नव्हता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सरपंचांची गाडी मिळाली, शहरातले रुग्णालय वेळेत गाठता आले. ते आजोबा आज समोर बसले आहेत आणि पुन्हा विडा खात आहेत, त्याबद्दल मी नंतर त्यांच्याशी बोलेनच. ते त्या वेळी घरी पडवीत एकटे बसलेले असते तर काय झाले असते, हे मी सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. ही त्या घरच्या मुलाची परवानगी घेऊन सांगतो.

२०२४ मध्ये देऊळ उतरविले. देव शेडमध्ये नेला, तेथे नित्य पूजा चालू राहिली, तिच्यात एक दिवस खंड पडला नाही. कट्टा मात्र फोडला गेला, आणि बसणारी माणसे आपापल्या घरी बसू लागली. शेडमध्ये जागा नव्हती, वाटेत खडी पडलेली, पावसात चिखल. वरच्या वाडीत एक आजी एकट्या राहत, मुलगा नालासोपाऱ्यास. आषाढात एका संध्याकाळी त्या मागील दारी न्हाणीजवळ घसरल्या. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या तेथेच, पावसात, पडून होत्या. दूध घालणारा पोरगा आला तेव्हा सापडल्या. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण फुफ्फुसांत जंतुसंसर्ग होऊन तिसऱ्या आठवड्यात गेल्या.

त्यांचे घर माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. आधीचे नऊ दिवस त्या मला दिसल्या नव्हत्या. माझ्या मनात आले की मुलाकडे गेल्या असतील. मुलगा मुंबईत समजत होता की गावात माणसे आहेत. रोज रात्री त्याचा फोन येई आणि त्या सांगत, बरी आहे. मी डॉक्टर असून मला वाट वाकडी करून पाहावेसे वाटले नाही, याची बोच मला आहे, आणि ती येथे बोलून दाखविल्याने कमी होईल असेही नाही.

आपला रत्नागिरी जिल्हा असा आहे की २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या सोळा लाख शहाण्णव हजार होती, ती २०११ मध्ये सोळा लाख पंधरा हजार झाली. देशाची माणसे वाढत होती तेव्हा आपली घटली. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष पूर्वी परळ-लालबागला गेले, आता विरार आणि दिव्याला जातात. मागे आई राहते, नंतर एकटी आई राहते.

एकटेपणा हा मनाचा खेळ आहे असे कोणी समजू नये. २०१० साली अमेरिकेत १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक माणसांचा हिशोब मांडण्यात आला. ज्यांची इतरांशी चांगली ये-जा होती, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात तगून राहण्याची शक्यता सुमारे दीडपट आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये अहवाल काढून सांगितले की जगात सहांपैकी एक माणूस एकटेपणाने त्रस्त आहे. आणि एकटे पडण्याची सुरुवात पुष्कळदा कानापासून होते. ऐकू कमी आले की माणूस भजनातून उठून मागे जातो, मग येईनासा होतो, आणि आपण म्हणतो, म्हातारा तऱ्हेवाईक झाला. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले, त्यांत कमी ऐकू येणे आणि माणसांत न मिसळणे ही दोन्ही आहेत. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविल्याने त्यांना ऐकू येत नाही. समोर बसून, तोंडाकडे पाहून, सावकाश बोलले की येते.

सरकारी योजना आहेत. सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात, पंचाहत्तर वर्षांवरील माणसास एस.टी. फुकट आहे, १४५६७ हा ज्येष्ठांसाठी मदतीचा फोन आहे. कार्डे काढून द्यायला तरुण मंडळाने मदत करावी. परंतु शेजारणीचे पाय सुजले आहेत हे कार्डाला दिसत नाही.

आता पायऱ्या. नव्या मंदिराचे जोते उंच केले, ते शोभतेच. पण पायऱ्या नऊ झाल्या, दगड घोटीव, बाजूला धरायला काही नाही, आणि पाय धुण्याचा नळ अगदी पहिल्या पायरीशी. प्रतिष्ठापनेपासून मी संध्याकाळी मोजतो आहे. जुन्या कट्ट्यावरच्या नऊ जणांपैकी तिघे वर येतात. बाकीचे दीपमाळेपाशी उभे राहून हात जोडतात आणि लगेच परततात, कारण उभे राहून गप्पा होत नाहीत. एका आजींना विचारले तर म्हणाल्या, "डाक्तर, देवाला काय, तो वर बसलाय. चढायचं आमाला हाय."

वरच्या वाडीच्या त्या आजींच्या मुलाने मला विचारले होते, आईच्या नावाने काय द्यावे? मी म्हटले, कठडा दे. त्याने रक्कम समितीकडे भरली आहे. कठड्याने दर्शनी भागाची शोभा जाईल असे काही सभासदांचे म्हणणे आहे, आणि निर्णय तीन बैठका लांबला आहे. मला समितीविषयी आदर आहे. तरी मी विचारतो की या मंदिराची शोभा कोणी पाहायची आहे? दोन्ही बाजूंस मुठीत मावेल अशी गोल नळी, कमरेच्या उंचीवर. पायऱ्यांच्या दगडाला टाकी लावून तो खडबडीत करावा. नळ उजवीकडे दहा हात सरकवावा. आणि दक्षिणेला, जुन्या जागी, पाठ असलेला बाक. देणगीदाराने बाकावर नाव जरूर घालावे, फक्त टेकल्यावर पाठीला टोचेल असे नको.

आणखी एक. आपल्या गावाला पहाऱ्याची सवय आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, वाडीवार पहारे लागलेले असतात, आणि रात्री दोनच्या पहाऱ्याला कोणी आले नाही असे माझ्या आयुष्यात घडलेले नाही. तीच पहाऱ्यांची वही पुढे चालवावी. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे आहेत त्या घरांची वाडीवार यादी, आणि रोज एका घराने संध्याकाळी त्या दारांवरून जायचे. औषध देऊ नका, उपदेशही देऊ नका. चहा विचारला तर प्यावा. कोणी आले-गेले नाही, कोणी उठत नाही, बोलणे अडखळते, असे दिसले तर मला किंवा आशाताईंना कळवावे.

मुंबईकरांना एक विनंती. फोनवर आईला "कशी आहेस?" असे विचारू नका. ती बरीच असते, मरेपर्यंत बरीच असते. "आज देवळात कोण कोण भेटले?" असे विचारा. तिने नावे सांगितली तर निश्चिंत झोपा. चार दिवस एकही नाव आले नाही तर शेजारी फोन लावा.

येत्या रविवारी आरतीनंतर मी वही घेऊन दीपमाळेपाशी बसणार आहे, प्रत्येक वाडीने एक माणूस पाठवावा. कठड्याचे माप गवंड्याकडून घेऊन ठेवले आहे. आता आरतीची वेळ झाली. खाली पाच-सहा माणसे उभी आहेत, मला येथून दिसत आहेत. त्यांना वर आणायला तरुणांपैकी चौघांनी माझ्याबरोबर यावे, आणि उतरताना पुन्हा थांबावे.